न जन्मलेल्या वसंतरावांचं पित्तर

नागपूर शहरातील, विशेषतः नंदनवन भागातील, समस्त नागरिकांस अत्यंत जड अंतःकरणाने आणि पूर्ण जबाबदारीने कळवण्यात येते की, कैलासवासी वसंतराव हे कैलासवासी नव्हते. ते स्वर्गवासी नव्हते, आणि घर बौद्ध म्हणून म्हणावं तर कालकथितही नव्हते. मरायला आधी जन्माला यावं लागतं, आणि ही किरकोळ अट वसंतरावांनी पूर्ण केलेली नव्हती. तरी त्यांचा फोटो होता, फोटोला चंदनाचा हार होता, मागे एक विधवा बायको होती, एक बहीण होती आणि दर पितृपक्षात अष्टमीला त्यांचं पित्तर होत असे. त्या दिवशी वसंतराव म्हणून पाटावर बसून जेवायचं काम माझ्याकडे होतं. पुढे मी हौशी नाटकांत राजे केले, खुनी केले, एकदा तर झाड केलं. पण उडदाचे वडे, कढी, कोहळ्याची भाजी आणि खीर एवढं मानधन देणारी भूमिका मला पुन्हा मिळाली नाही.

हे आत्ताच जाहीर करायचं कारण म्हणजे आर्या नावाची एक मुलगी. ती आणि तिची मित्रमंडळी नागपूरचा एक नकाशा करताहेत: आपल्यासारखी माणसं या शहरात पूर्वी कुठे राहायची, कुठे भेटायची, कुठे रडायची. माझ्यासारखा केस रंगवणारा, अविवाहित, मोठ्यानं बोलणारा काका त्यांना सोन्याची खाणच वाटला. "काका, तुमच्या लहानपणी इथे आपली माणसं होती का हो?" तिनं फोन माझ्यासमोर धरून विचारलं. 'आपली' हा शब्द ती इतक्या सहज म्हणाली की मला उगाच खोकला आला. मी म्हटलं, "होती की. आमची आणि त्यांची भिंत एकच होती." मग आम्ही ती जागा बघायला गेलो. तिथे आता उंच इमारत आहे, खाली व्यायामशाळा, काचेतून घामाघूम पोरं दिसतात. आर्यानं विचारलं, "काही पुरावा आहे?" मी म्हटलं, "उडदाचे वडे." ती हसली. मी हसलो नाही, तशी हसायची थांबली.

त्या एका भिंतीवर आमचं आणि त्यांचं अर्धं आयुष्य टेकलेलं होतं. आमच्याकडून त्यांना माझ्या बाबांची भाषणं ऐकू जायची, आणि त्यांच्याकडून आम्हाला शिलाई मशीन, रेडिओ आणि वसंतरावांच्या विधवेचं, कुसुमकाकूचं, हसू. ते हसू खालून सुरू व्हायचं आणि शिट्टी सुटावी तसं वर जायचं, आई पोळ्या लाटता लाटता हात थांबवून म्हणायची, "फुटला कुकर." काकू घरी ब्लाऊज शिवायची आणि स्वतः छापील, भडक साड्या नेसायची, केसात मोगरा माळायची. वसंतरावांची बहीण, सुमनआत्या, टेलिफोन खात्यात ऑपरेटर. दिवसभर कलकत्ता-मद्रासच्या लोकांशी ट्रंक लाइनवर ओरडून तिचा घरातला आवाजही तसाच झाला होता. मीठ मागितलं तरी कुठेतरी युद्ध सुरू झाल्यासारखं वाटायचं. संध्याकाळी तिची लुना गल्लीत शिरली की काकूचं मशीन बंद व्हायचं. हा आवाज बंद होण्याचा आवाज मला अजून आठवतो. उन्हाळ्यात दोघी कुलरसमोर खाट टाकून टरबूज खायच्या आणि बिया कोण लांब थुंकतं याची स्पर्धा लावायच्या.

मोहल्ल्याच्या दृष्टीनं त्या नणंद-भावजय होत्या. सुमनआत्या कुही गावाकडच्या बौद्ध घरातली, काकू नागपुरातल्याच महाल भागातल्या जुन्या हिंदू घराण्यातली. आत्याच्या भावाशी, म्हणजे वसंतशी, काकूनं घरच्यांच्या विरोधात लग्न केलं, माहेरानं नाव टाकलं, आणि वर्षभरात वसंत गेला. तेव्हापासून नणंदेनं भावजयीला सांभाळलं. मोठं गुपित झाकायला त्यांनी असं एक मध्यम आकाराचं गुपित पांघरलं होतं. जातीबाहेरचं लग्न लोकांना समजत होतं, त्यावर हळहळता येत होतं. कथेला भोकं मात्र बरीच होती. वसंतराव कशानं गेले, तर काकू सांगायची काविळीनं आणि आत्या सांगायची अपघातानं. मोहल्ल्यानं आपसात तडजोड केली: कावीळ झालेली असताना अपघात झाला. सगळ्यात मोठं भोक पित्तराचं. घरमालकिणीनं एकदा सहज विचारलं, "तिथी कोणती वं त्याची?" आणि काकू, हिंदू घरातल्या सवयीनं, पटकन बोलून गेली, "अष्टमी." झालं, दरवर्षी अष्टमी आली. आता, सुमनआत्या दसऱ्याला पांढरी साडी नेसून दीक्षाभूमीवर जाणारी. धम्मदीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांत श्राद्ध करणार नाही अशी एक आहेच. मग तिच्या सख्ख्या भावाचं पित्तर कसं? हा प्रश्न आमच्या गल्लीत कोणालाही पडला नाही. अख्ख्या गल्लीनं ठरवून आपली अक्कल गहाण ठेवली होती, असं मला आज वाटतं. त्या दिवशी आत्या सकाळीच बाहेर पडायची आणि कोपऱ्यावरच्या पानठेल्याच्या बाकावर पेपर वाचत बसायची. ते अन्न ती शिवायचीही नाही. कुसुमच्या तोंडून निघालेल्या एका शब्दासाठी तिनं आपली प्रतिज्ञा दरवर्षी घराबाहेर बसून सांभाळली.

वसंतराव गेले तेव्हा तरुण होते, म्हणून पित्तराला एखादा अविवाहित मुलगा बसवायचा असं घरमालकिणीनंच ठरवलं, आणि शेजारी मीच होतो. धोतर नेसून पाटावर बसायचं. त्या जेवणात पाटावरच्या पित्तराला नाही म्हणता येत नाही, तो मागेल ते वाढायचं, आणि तो उठायच्या आधी घरच्या बाईनं विचारायचं, "तृप्त झाले का?" त्यानं म्हणायचं, "झालो." एवढंच माझं संवादलेखन. पण मी ते दर वर्षी नव्या पद्धतीनं म्हणायचो, कधी डोळे मिटून, कधी फोटोकडे बघून. काकू पदरात तोंड लपवायची. लोकांना वाटायचं, रडते आहे.

आता आमचे बाबा. बाबा सरकारी कचेरीत कारकून आणि मोहल्ल्याच्या वाचनालयाचे चिटणीस. समाजसुधारणा हा त्यांचा आजार होता, आणि तो बाकीच्यांना भोगावा लागायचा. मी कॉलेजात गेलो त्या वर्षी त्यांच्या डोक्यात विधवाविवाह शिरला, आणि त्यांना सगळ्यात जवळची विधवा भिंतीपलीकडे सापडली. एका रविवारी ते मला घेऊन थेट शेजारच्या ओट्यावर गेले.

"सुमनबाई, तुमची भावजय काही म्हातारी नाही झाली. अख्खी जिंदगी पडली आहे तिची. मी माणूस पाह्यला. कळमेश्वरले कारखान्यात आहे, बायको वारली, पोरबाळ नाही. सुपारी खात नाही."

"तिलेच विचारा ना भाऊजी," आत्या म्हणाली. आवाज इतका लहान की मला वाटलं लाइन कटली.

काकू दारातूनच म्हणाली, "मले नाही करायचं."

"काहून?"

काकूनं उंबऱ्याकडे पाहिलं, आत्यानं लुनाच्या हँडलकडे.

"राग नका मानू," बाबा कळवळ्यानं म्हणाले, आणि तो कळवळा खरा होता, तीच अडचण होती. "पण लोक काय म्हणतील? ननंदेनं भावजयीले फुकटची मोलकरीण करून ठेवलं, असंच म्हणतील ना?"

नाही म्हणावं तर आत्या दुष्ट ठरत होती आणि लोक 'काहून' विचारत राहणार होते. हो म्हणावं तर घर मोडत होतं. बाबांनी आठ-पंधरा दिवसांची मुदत दिली आणि जाताना उदारपणे म्हणाले, "पित्तराच्या दिवशी मी त्याले घेऊनच येतो. वसंतरावांच्या फोटोसमोर होऊन जाऊ द्या बोलणी. गेलेल्याची परवानगी घेतली म्हणजे मनाले बरं वाटते."

त्या दिवसापासून भिंतीपलीकडून हसू ऐकू आलं नाही. मशीन चालायचं, मध्येच थांबायचं, पुन्हा चालायचं. अष्टमीच्या आदल्या दुपारी काकू आमच्या स्वयंपाकघरात आईसमोर कोहळं चिरत बसली होती आणि तिच्या नाकातून कोहळ्यावर पाणी टपकत होतं. ती म्हणाली, "सुमनबाई म्हणते, कुहीले जाऊन राहू. तिथं तिचे तीन भाऊ आहेत, एकाचंबी नाव वसंत नाही. कुठं जाऊ वं आम्ही?"

आई म्हणाली, "रडू नको वं. नवरा कशासाठी टांगून ठेवला आहे भिंतीवर? त्याले कामाले लाव."

आई 'नवरा' हा शब्द खुंटीवरच्या छत्रीबद्दल बोलावं तशी बोलली. मी सतरा-अठराचा होतो. कॉलेजात एका मुलाच्या सायकलची घंटी ऐकू आली की मी धावत खिडकीशी जायचो आणि जगात असा फक्त मीच आहे अशी माझी खात्री होती. कोहळ्याच्या फोडींवरून नजर उचलून मी आईकडे पाहिलं, काकूकडे पाहिलं, आणि मला सगळं एकदम कळलं. भिंतीपलीकडे काय आहे ते कळलं आणि आईला ते कायम माहीत होतं हेही कळलं.

"बाल्या, इकडे ये," आई म्हणाली. "उद्या कुसुमनं विचारलं, तृप्त झाले का, तर काय म्हणशील?"

"झालो."

"उद्या म्हणायचं, नाही. अन् काहून नाही ते सांगायचं. पाह्य, जास्त नाटक नको करू. दोन वाक्यं बोल अन् गप."

मी अर्थातच दोनावर थांबलो नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा कळमेश्वरच्या गजाननरावांना घेऊन आले. चांगला माणूस होता हो. इस्त्रीचा शर्ट, हातात संत्राबर्फीचा डबा, आणि आपण इथे काय करतो आहोत याचा चेहऱ्यावर प्रामाणिक गोंधळ. घरमालकीण होती, गल्लीतल्या चार बायका होत्या. सुमनआत्या त्या वर्षी पानठेल्यावर गेली नाही. ती दारात उभी राहिली, आत नाही, बाहेर नाही. मी पोटभर जेवलो. अभिनयासाठी रिकाम्या पोटी राहणाऱ्यांतला मी नव्हे. शेवटी काकूनं विचारलं, आणि या वेळी पदरात तोंड लपवलं नाही, "तृप्त झाले का?"

"नाही," मी म्हणालो.

कोणाच्या तरी हातातली पळी कढीत पडली. मी डोळे फोटोवर लावले आणि घशातून माझ्या बापाच्याही बापाचा आवाज काढला. "मी तृप्त नाही. मी हिले बाईच्या जिवावर टाकून गेलो. बाईनं हिले सांभाळलं, हिनं बाईले सांभाळलं. या घरातून हिले कोणी नेलं, तर या घराचं पाणी मले चढणार नाही. मी दारात बसून राहीन. मी," इथे मला खरंच हुंदका आला, "मी कुठं जाऊ?"

"माय वं!" घरमालकिणीनं माझे कढीनं माखलेले हात धरले. "वसंता, जा बापा सुखानं, कोणी नाही नेत तिले!" गजाननराव उठून उभे राहिले, मला, पोरसवद्या वसंतरावांना, दोन्ही हात जोडून म्हणाले, "साहेब, माफ करा, मले माहीत नव्हतं." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग आईकडे. मग दारातल्या आत्याकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटलं, आता थोबाडीत बसते. पण ते एवढंच म्हणाले, "चला गजाननराव, तुमची बस चुकेल."

जिंकलो आम्ही. त्या संध्याकाळी आत्यानं ती संत्राबर्फी माझ्या तोंडात कोंबली आणि युद्ध जिंकल्यासारखी ओरडली, "लेका, तुले कोणी लग्नाचं पुसलं तर एक मेलेली बायको तयार ठेव! लय कामाची चीज आहे!" ती हसली. मग माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली आणि माझ्या केसांवरून हात फिरवला. तेव्हाच आम्ही बोलायला हवं होतं. पण आमच्या गल्लीत ती रीत नव्हती.

आणि मग जे झालं ते आईच्या हिशेबात नव्हतं, कोणाच्याच नव्हतं. ज्या विधवेसाठी नवरा मरणातून परत येऊन बोलतो, ती साधी बाई राहत नाही. गल्लीतल्या बायका काकूच्या पाया पडू लागल्या. सासुरवाशिणींना तिचं उदाहरण देऊ लागल्या. तोवर तिच्या छापील साड्यांकडे, बांगड्यांकडे, मोगऱ्याकडे लोकांनी 'आजकालच्या बायका' म्हणून काणाडोळा केला होता, आता घरमालकीण प्रेमानंच म्हणाली, "कुसुम, त्याले नाही आवडायचं वं." काकूनं आधी मोगरा सोडला, मग बांगड्या, मग एकेक करून साड्या. मी पुण्याला नोकरीला गेलो तेव्हा ती पांढऱ्यावर आली होती. सुट्टीत यायचो तर भिंतीपलीकडून मशीन ऐकू यायचं, रेडिओ ऐकू यायचा, हसू नाही. एकदा काकूनंच मला हळूच सांगितलं, तो फोटो फ्रेमच्या दुकानात नमुन्याला लावलेला होता, फ्रेमसोबत फुकट मिळाला. "कोणाचा पोट्टा होता कोणाले मालूम," ती म्हणाली, "अन् मी त्याच्यासाठी मोगरा सोडला." आई हे ऐकत होती. ती म्हणाली, "काय करू वं, मले तेवढंच सुचलं." खरंच, त्या वेळी त्या गल्लीत दुसरं काय सुचण्यासारखं होतं? आर्याच्या नकाशावर या गोष्टीसाठी कुठल्या रंगाचा ठिपका द्यायचा, ते मला सांगता आलं नाही.

मी आत्याचा सल्ला मानला. पुण्यात मी शैला नावाची एक वाग्दत्त वधू पाळली आणि लग्नाआधीच तिला तापानं मारली. बाबांना पत्रानं कळवलं. बाबा तिच्याबद्दल फार हळुवारपणे बोलायचे, कधी खोदून विचारायचे नाहीत, आणि कोणी स्थळ आणलं तर त्याला दारातूनच परत पाठवायचे. मला वाटायचं, किती भोळा माणूस. त्या पित्तरानंतर दर अष्टमीला, मी असलो तर मला आणि नसलो तर दुसऱ्या पोराला, बाबा स्वतः धोतर नेसवून शेजारी पोचवायचे. बुद्धिवादी म्हणवणारा माझा बाप भुताला कसा घाबरला, हा किस्सा मी पुण्यात वर्षानुवर्षं साभिनय सांगितला आणि टाळ्या घेतल्या. बाबा आज नाहीत. शैला आमच्या घरात अजून मेलेलीच आहे.

सुमनआत्या कामावरून घरी येऊन चप्पल काढता काढता गेली. मी सकाळच्या गाडीनं पोचलो तेव्हा तिला अंगणात ठेवलं होतं. कुहीहून तिची माणसं आली होती, भन्तेजी यायचे होते. सगळे पांढऱ्या कपड्यांत. त्या पांढऱ्यात कुसुमकाकू कुठे आहे ते मला आधी दिसलंच नाही. ती भिंतीशी, शेजारच्या बायकांच्या ओळीत उभी होती. शोकाचा वेगळा रंग तिच्याकडे उरलाच नव्हता. आत्याच्या उशाशी तिच्या भावांच्या बायका बसल्या होत्या. काकू पुढे सरकली, तशी आत्याच्या एका भाच्यानं, उद्धटपणे नाही, गोंधळून विचारलं, "ह्या कोण?"

"भावजय आहे ना सुमनबाईची," घरमालकीण म्हणाली. "वसंताची बायको."

"वसंत कोण? आत्याले भाऊ तीन. त्यात वसंत कोणी नाही."

मग गल्ली धावून आली. कोणी म्हणालं चुलतभाऊ होता, कोणी म्हणालं मानलेला भाऊ, कोणी म्हणालं लहानपणीच दत्तक गेला होता. इतक्या वर्षांची सवय. खोटं बोलायला कोणाला विचार करावा लागला नाही. पण प्रत्येक खोट्यासरशी वसंत दूरचा होत गेला आणि त्याच्याबरोबर काकूही एकेक पाऊल त्या उशापासून मागे ढकलली गेली. भाचा म्हणाला, "बरं, पण मावशी, नातेवाइकांना बसू द्या आधी."

बाबा फाटकाजवळ खुर्चीवर बसले होते. तोवर त्यांना कमी ऐकू यायला लागलं होतं, म्हणून ते फार मोठ्यानं बोलायचे. ते काठी टेकत उठले आणि अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात भाच्यावर ओरडले, "नातेवाईक काय सांगून राहिला बे! माणूस गेला ना तिचा आज! सरक बाजूले, बसू दे तिले!"